वेगवान न्यूट्रॉनचा छोटा कॅमेरा: लांबून नीट दिसणं चांगलं की जवळ जाता येणं?

न्यूट्रॉन इमेजिंग हा शब्द पहिल्यांदा ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक्स-रेसारखं चित्र येतं. एका बाजूला न्यूट्रॉनचा झोत, मध्ये वस्तू, पलीकडे पडदा. तेही एक प्रकारचं इमेजिंग आहेच. पण आज आपण दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलणार आहोत. इथे झोत आपण सोडत नाही, वस्तूच स्वतःहून न्यूट्रॉन बाहेर टाकते. प्रश्न इतकाच असतो की ते येतायत कुठून? खोलीत पाच बंद पेट्या आहेत, पाचही पेट्यांना शिशाचं अस्तर आहे, तर त्यातल्या कोणत्या पेटीत प्लुटोनियम आहे?

हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे ज्यांनी एम.एस्सी.पर्यंत न्यूक्लियर फिजिक्सचा एखादा पेपर दिलाय आणि आता डिटेक्टरवर पीएच.डी. करावी का, याचा विचार करतायत. गणित थोडंच आहे, पण जे आहे ते वही-पेन घेऊन स्वतः करून बघा. या विषयातली गंमत आकडेमोडीतच आहे.

आधी गरज समजून घेऊ

प्लुटोनियम-२४० हे समस्थानिक आपणहून फुटतं. त्याच्या एका ग्रॅममधून दर सेकंदाला साधारण १००० न्यूट्रॉन बाहेर पडतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था प्लुटोनियमच्या बाबतीत ८ किलो ही 'लक्षणीय मात्रा' मानते. शस्त्रासाठीच्या प्लुटोनियममध्ये २४० चा वाटा ६ टक्के धरला तर ८ किलोत ४८० ग्रॅम, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ लाख ८० हजार न्यूट्रॉन.

आकडा मोठा वाटतो. आता त्यापासून १० मीटरवर उभे राहा. हे न्यूट्रॉन त्या त्रिज्येच्या गोलावर पसरतात, त्यामुळे दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला जेमतेम ०.०४ न्यूट्रॉन वाट्याला येतात. वैश्विक किरणांमुळे जमिनीवर कायम जे न्यूट्रॉन असतात त्यांची संख्याही ०.०१ च्या घरात आहे. म्हणजे नुसती मोजणी केली तर 'नेहमीपेक्षा थोडं जास्त दिसतंय' एवढंच कळेल. २० मीटरवर गेलात तर तेही नाही. पार्श्वभूमी सगळीकडून येते आणि स्रोत एकाच दिशेने येतो. म्हणून दिशा कळली तर हाच क्षीण सिग्नल वेगळा काढता येतो. अण्वस्त्रं खरंच मोडीत काढली का हे तपासणं असो, की हरवलेला स्रोत शोधणं असो, दोन्हीकडे मुद्दा हाच आहे.

मग गॅमा किरण का नाही वापरायचे? कारण शिसं गॅमा अडवतं. न्यूट्रॉनला मात्र शिशाचं फारसं काही वाटत नाही. का, ते आता बघू.

चॅडविकचं मेण आणि आपला सिंटिलेटर

१९३२ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये जोलिओ-क्युरी दांपत्याला दिसलं, की बेरिलियममधून निघणारे अदृश्य किरण पॅराफिन मेणावर पडले की त्यातून प्रोटॉन उडतात. त्यांनी ते गॅमा किरण मानले. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविकने हिशोब मांडला. इतके जोरदार प्रोटॉन उडवायचे तर गॅमाची ऊर्जा सुमारे ५० एमईव्ही हवी, आणि तेवढी ऊर्जा येणार कुठून? त्याऐवजी प्रोटॉनच्याच वजनाचा, विद्युतभार नसलेला कण धरला की सगळं जुळतं. असा न्यूट्रॉन सापडला.

वेगवान न्यूट्रॉन पकडायला आपण आजही हीच युक्ती वापरतो. न्यूट्रॉनला भार नाही, त्यामुळे तो स्वतः काहीच खूण सोडत नाही. त्याने कुणाला तरी धडक द्यावी लागते आणि ज्याला धडक बसली तो आपल्याला दिसतो.

लहानपणी गोट्या खेळला असाल तर एक गोष्ट आठवेल. सारख्या वजनाच्या गोटीला बरोबर मधोमध टोला बसला की मारणारी गोटी जागीच थांबते आणि समोरची तिचा सगळा वेग घेऊन जाते. तीच गोटी पाट्यावर आपटा, ती उलटी उसळते आणि पाटा हलतही नाही. वस्तुमान 'अ' असलेल्या अणुकेंद्राला न्यूट्रॉन एका धडकेत जास्तीत जास्त ४अ/(१+अ)² एवढा हिस्सा देऊ शकतो. हायड्रोजनसाठी हा आकडा १ येतो, म्हणजे सगळी ऊर्जा. कार्बनसाठी ०.२८. शिशासाठी ०.०२ पेक्षाही कमी. म्हणून न्यूट्रॉन शिशातून ऊर्जा फारशी न गमावता जातो आणि हायड्रोजनच्या गर्दीत मात्र अडकतो. याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा. पेटीला शिशाऐवजी जाड पॉलिथिनचं अस्तर असेल तर न्यूट्रॉन आतच मंदावतील आणि दिशाही विसरतील. हा कॅमेरा जादूचा नाही.

तर डिटेक्टरमध्ये हायड्रोजन हवा आणि प्रोटॉन उसळला की प्रकाश पडायला हवा. सेंद्रिय सिंटिलेटरमध्ये दोन्ही गोष्टी आहेत. १९४७ मध्ये हार्टमुट काल्मान यांच्या प्रयोगात पहिला सेंद्रिय सिंटिलेटर म्हणून जो पदार्थ वापरला गेला तो होता नॅप्थलीन, म्हणजे कपाटात ठेवायच्या आपल्या डांबरगोळ्या! आज त्याच घराण्यातले स्टिल्बीनचे स्फटिक, ईजे-३०९ सारखे द्रव आणि वेगवेगळी प्लास्टिकं वापरतात.

एका धडकेतून दिशा कळत नाही, दोन लागतात

समजा न्यूट्रॉनने एका प्रोटॉनला धडक दिली आणि तो मूळ दिशेपासून 'क' कोनात वळला. वस्तुमानं सारखी असल्यामुळे हिशोब फार सोपा आहे:

प्रोटॉनची ऊर्जा = न्यूट्रॉनची मूळ ऊर्जा × (साइन क)²

उरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा = मूळ ऊर्जा × (कोसाइन क)²

दोघांचा भागाकार करा:

(टॅन क)² = प्रोटॉनची ऊर्जा ÷ उरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा

बघा, मूळ ऊर्जा हिशोबातून निघूनच गेली. प्रोटॉनची ऊर्जा पहिल्या चमकेच्या प्रकाशावरून कळते. उरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा कळण्यासाठी त्याने पुढे कुठेतरी दुसरी धडक द्यायला हवी. दोन धडकांमधलं अंतर भागिले वेळ म्हणजे वेग, आणि वेगावरून ऊर्जा. १ एमईव्हीचा न्यूट्रॉन एका नॅनोसेकंदात १.३८ सेंटीमीटर जातो, हा आकडा पाठच करून टाका.

दुसऱ्या धडकेपासून पहिलीकडे रेघ ओढा आणि ती मागे वाढवा. न्यूट्रॉन या रेघेशी 'क' कोन करून आला होता. पण कोणत्या बाजूने, ते माहीत नाही. म्हणजे आपल्याला दिशा मिळत नाही, एक शंकू मिळतो. अवकाशाच्या नकाशावर त्याचं एक कडं उमटतं. दुसऱ्या न्यूट्रॉनचं दुसरं कडं, तिसऱ्याचं तिसरं. ही सगळी कडी जिथे एकमेकांना छेदतात तिथे स्रोत.

मोठा कॅमेरा आणि त्याची अडचण

या तत्त्वावरचे पहिले कॅमेरे दोन भिंतींचे होते. सिंटिलेटर सेलची एक भिंत पुढे, दुसरी मागे, मध्ये अंतर. अंतर जास्त तर वेळ आणि जागा दोन्ही अचूक मोजता येतात. अंतर वाढवून अचूकपणा मिळवण्याची ही रीत न्यूट्रॉन मोजणीत सगळीकडे दिसते. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये 'नँड' नावाची जी मांडणी आहे, तीत १०० द्रव सिंटिलेटर सेल लक्ष्यापासून पावणेदोन मीटरवर गोलाकार बसवलेत. (ती इमेजिंगसाठी नाही, अणुविखंडनाच्या अभ्यासासाठी आहे. पण मापन तेच, उड्डाणाचा वेळ.)

अडचण अशी की पहिल्या भिंतीत धडकलेला न्यूट्रॉन दुसऱ्या भिंतीवर जायलाच हवा. ३० × ३० सेंटीमीटरची भिंत ५० सेंटीमीटरवर असेल तर ती सगळ्या दिशांपैकी जेमतेम अडीच टक्के दिशा व्यापते. हायड्रोजनवर आपटलेला न्यूट्रॉन कधीच मागे उलटत नाही, पुढच्या अर्ध्या भागातच जातो, त्यामुळे प्रत्यक्षात दहा टक्क्यांच्या आसपास मिळतात. पण तिथेही मेख आहे. जे अगदी सरळ पुढे जातात त्यांनी प्रोटॉनला जवळजवळ काहीच दिलेलं नसतं. २ एमईव्हीचा न्यूट्रॉन २० अंशांत वळला तर प्रोटॉनला फक्त ०.२३ एमईव्ही मिळतात. एवढ्याशा प्रोटॉनचा प्रकाश बहुतेक वेळा दिसतच नाही. म्हणजे जे मिळतात ते उपयोगाचे नसतात आणि जे उपयोगाचे असतात ते बाजूने निसटतात.

मग सगळं एकाच ठोकळ्यात घातलं तर?

इथून 'छोट्या' कॅमेऱ्याची कल्पना येते. अशा द्रवात किंवा प्लास्टिकमध्ये २ एमईव्हीचा न्यूट्रॉन सरासरी ४ ते ५ सेंटीमीटर गेला की धडकतो. मग साधारण १० सेंटीमीटरचा ठोकळा घेतला तर दोन्ही धडका त्यातच होण्याची बरीच शक्यता आहे. बाजूने निसटायचा प्रश्न खूप कमी होतो.

प्रत्यक्षात अखंड ठोकळ्याऐवजी बारीक कांड्यांची जुडी वापरतात. प्रत्येक कांडीभोवती परावर्तक गुंडाळलेला असतो, म्हणजे एकीचा प्रकाश दुसरीत जात नाही. कोणती कांडी चमकली त्यावरून दोन दिशांमधली जागा कळते. कांडीच्या लांबीवर नेमकं कुठे, ते दोन्ही टोकांना प्रकाश किती आणि कधी पोचला याच्या तुलनेवरून काढतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या हातात धरायच्या कॅमेऱ्यात ६ × ६ × ५० मिलिमीटरच्या स्टिल्बीनच्या कांड्या आहेत. सँडिया प्रयोगशाळेने 'मायनर' नावाचा फिरता कॅमेरा द्रव सेलचा केला आणि पुढे एकाच घनफळात दोन्ही धडका पकडण्याच्या प्रकल्पात प्लास्टिकच्या कांड्यांवर काम केलं.

हे सगळं हातात मावेल एवढं झालं ते सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरमुळे. जुनी काचेची फोटोमल्टिप्लायर नळी चांगली असते, पण तिला हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, जागा लागते, चुंबकीय क्षेत्र चालत नाही. सिलिकॉनची चकती काही मिलिमीटरची असते आणि २५-३० व्होल्टवर चालते. बदल्यात ती अंधारातही खोटे ठोके देते आणि तापमान बदललं की तिची वर्धनक्षमता बदलते. दुपारचा डेटा आणि पहाटेचा डेटा एकत्र करण्याआधी तापमानाची नोंद बघा, हे कुणी सांगितलं नाही तर दोन महिन्यांनी आपोआप कळतं.

आता किंमत मोजू

छोटं केल्याने काय गमावतो? इथे वही-पेन काढा.

समजा उरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा १ एमईव्ही आहे. वेळ मोजण्यातली चूक ०.३ नॅनोसेकंद, अंतरातली चूक १ सेंटीमीटर. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ऊर्जेतली टक्केवारी चूक ही वेळ आणि अंतर यांच्या एकत्रित टक्केवारी चुकीच्या दुप्पट.

मोठा कॅमेरा, अंतर ५० सेंटीमीटर: वेळ ३६ नॅनोसेकंद. वेळेतली चूक ०.८ टक्के, अंतरातली २ टक्के. ऊर्जेतली चूक सुमारे ४ टक्के.

छोटा कॅमेरा, अंतर ५ सेंटीमीटर: वेळ ३.६ नॅनोसेकंद. वेळेतली चूक ८ टक्के, अंतरातली २० टक्के. ऊर्जेतली चूक सुमारे ४३ टक्के!

'क' ४५ अंशांच्या आसपास असेल तर ४३ टक्क्यांची ही चूक कोनात ६ अंशांची होते. शिवाय ५ सेंटीमीटरच्या रेघेचं एक टोक १ सेंटीमीटर हललं तर रेघच ११ अंशांनी फिरते. दोन्ही मिळून १२-१३ अंश. मोठ्या कॅमेऱ्यात हेच सगळं दीड-दोन अंशांत बसतं.

एवढं वाचून वाटेल की मग छोटा कॅमेरा करायचा कशाला. मलाही तसंच वाटलं होतं. पण एक हिशोब राहिलाय. मोठा कॅमेरा गाडीवर ठेवून १० मीटरवर उभा करावा लागतो. छोटा हातात धरून १ मीटरवर नेता येतो. १० मीटरवर २ अंश म्हणजे ३५ सेंटीमीटर. १ मीटरवर १२ अंश म्हणजे २१ सेंटीमीटर. पेटी कोणती, हे सांगायला वाईट डोळ्यांचा पण जवळ गेलेला कॅमेरा जास्त उपयोगी पडला!

शिवाय अंतराचा वर्ग आपल्या बाजूने. सुरुवातीचं ८ किलोचं उदाहरण घ्या. १० मीटरवर १० × १० सेंटीमीटरच्या तोंडावर सेकंदाला जवळपास ४ न्यूट्रॉन येतात. त्यातले शंभरात एक वापरता आले असं समजू, तर तासाला दीडशेच्या आत कडी मिळतात. १ मीटरवर हाच आकडा शंभरपट होतो, म्हणजे सेकंदाला ४ कडी. तासाचं काम मिनिटाच्या आत. म्हणून या क्षेत्रात 'कोनीय अचूकता किती' हा एकच आकडा विचारू नका. 'कुठून, किती वेळात, कोणत्या प्रश्नाचं उत्तर' हे विचारा.

अर्थात जवळ जाण्याची परवानगी असेल तरच. तपासणीच्या करारात अंतराची अट असेल तर सगळं गणित उलटतं.

गॅमाची गर्दी

प्लुटोनियम असो की प्रयोगशाळेतला कॅलिफोर्नियम-२५२, न्यूट्रॉनबरोबर गॅमा येतातच, आणि भरपूर येतात. सेंद्रिय सिंटिलेटर दोघांनाही चमक देतो. ओळखायचं कसं?

गॅमा इलेक्ट्रॉनला ढकलतो, न्यूट्रॉन प्रोटॉनला. प्रोटॉन जड आणि सावकाश, त्यामुळे तो थोड्या जागेत दाट ऊर्जा ओततो. दाट ओतल्याचे दोन परिणाम होतात. पहिला, प्रकाश कमी पडतो. १ एमईव्हीचा प्रोटॉन साधारण ०.१५ ते ०.२ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनएवढाच उजेड देतो. बर्क्सचं सूत्र ते हेच. दुसरा, चमकेची शेपटी वाढते. दाटीत जास्त रेणू 'ट्रिप्लेट' अवस्थेत जातात, दोन-दोन भेटून मग सावकाश प्रकाश सोडतात. म्हणून न्यूट्रॉनच्या पल्सची शेपटी गॅमापेक्षा जाड असते. शेपटीचं क्षेत्रफळ भागिले पूर्ण पल्सचं क्षेत्रफळ, एवढा एक आकडा काढला की दोन पट्टे वेगळे दिसतात. याला पल्सच्या आकारावरून ओळख, थोडक्यात पीएसडी म्हणतात. द्रव आणि स्टिल्बीनमध्ये हे छान जमतं. प्लास्टिकमध्ये ते जमत नाही असंच बरीच वर्षं मानलं जायचं. २०१२ च्या सुमारास लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने पीएसडी देणारं प्लास्टिक करून दाखवलं.

पण प्रकाश कमी असेल तिथे हे दोन पट्टे एकमेकांत मिसळतात. ०.२३ एमईव्हीच्या त्या प्रोटॉनकडून दोन-अडीचशे फोटॉन निघतात, त्यातले काहीच टोकाला पोचतात. त्यांची शेपटी मोजणार कशी?

छोट्या कॅमेऱ्याला इथे एक आधार आहे. गॅमा ५ सेंटीमीटर अंतर ०.१७ नॅनोसेकंदात कापतो, न्यूट्रॉनला ३ ते ४ लागतात. दोन चमकांमधला वेळच सांगतो की कोण होतं. म्हणून काही गट पीएसडी नसलेलं, पण झटपट चमकणारं प्लास्टिक मुद्दाम निवडतात. बघा, कोणता पदार्थ चांगला याला एक उत्तर नाही. स्टिल्बीन ओळख चांगली देतं, पण स्फटिक नाजूक आणि त्याचा प्रकाश प्रोटॉन कोणत्या दिशेने गेला त्यावर बदलतो. द्रव स्वस्त पडतो, पण गळती आणि त्यात मुरणारा ऑक्सिजन सांभाळावा लागतो. प्लास्टिक हवं तसं कापता येतं.

आणखी एक लपलेला शत्रू म्हणजे कार्बन. दोन धडकांच्या मध्ये न्यूट्रॉन एखाद्या कार्बनवर आपटला तर त्याची दिशा बदलते, पण कार्बनचा उजेड इतका मंद की आपल्याला पत्ताच लागत नाही. ते कडं भलतीकडेच जातं. याला इलाज नाही, फक्त किती टक्के कडी अशी असतील ते सिम्युलेशनने काढून ठेवायचं.

चित्र नेहमीच येतं, हाच धोका

आता जे सांगणार आहे ते पेपरात फारसं लिहिलेलं नसतं.

कडी नुसती एकावर एक टाकली की चित्र धूसर येतं. म्हणून एमएलईएम नावाची पद्धत वापरतात. 'कोणता स्रोत असता तर ही कडी मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त' असं पुन्हापुन्हा विचारत ती चित्र सुधारत नेते. जितक्या फेऱ्या जास्त तितका ठिपका टोकदार. पण तिला निव्वळ गोंधळ दिला तरी ती काही फेऱ्यांनी त्यातून टोकदार ठिपके काढून देते.

माझ्या पहिल्या वर्षी मी आठ कांड्यांची जुडी घेऊन स्रोत समोर ठेवला. ठिपका थोडा पसरट आला. मग मी प्रकाशावरून प्रोटॉनची ऊर्जा काढायच्या वक्रात एक गुणक थोडा बदलला आणि ठिपका सुरेख जागेवर बसला. खूश होऊन दाखवायला गेलो. सोबतच्या सीनियर ताईंनी काही न बोलता मला चहा आणायला पाठवलं आणि परत आल्यावर म्हणाल्या, "आता पुन्हा चालव." स्रोत त्यांनी जुडीच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवला होता, कुठे ते मला न सांगता. ठिपक्याच्या जागी एक फुटकं कडं आलं.

कारण सापडायला आठवडा गेला. मागच्या चार कांड्यांच्या केबल २० सेंटीमीटर लांब होत्या. २० सेंटीमीटर केबल म्हणजे सुमारे १ नॅनोसेकंद उशीर. समोरून येणारा न्यूट्रॉन आधी पुढच्या कांडीत, मग मागच्या, त्यामुळे ३.६ नॅनोसेकंद मला ४.६ दिसत होते आणि १ एमईव्ही ०.६१. मी वक्रातला गुणक बदलला तेव्हा नकळत प्रोटॉनची ऊर्जाही तेवढ्याच पटीत कमी केली होती. दोन चुका एकमेकींना खाऊन ४५ अंशांचा कोन बरोबर आला. स्रोत मागे गेल्यावर क्रम उलटला. आता ३.६ चे २.६ झाले, ऊर्जा १.९२ दिसली आणि वक्रातली चूक तशीच राहिली. ४५ चा कोन २९ अंशांवर आला. करून बघा, हेच आकडे येतील.

केबलची चूक किरकोळ होती. खरी चूक ही, की स्रोत कुठे आहे हे माहीत असताना मी चित्र 'सुधारत' होतो. ज्या चित्राचा निकाल लावायचा त्याच चित्रावरून उपकरण जुळवलं तर ते चित्र काहीच सिद्ध करत नाही. वेळ जुळवायचा तर सोडियम-२२ ठेवा, त्याचे ५११ केईव्हीचे दोन गॅमा एकाच क्षणी विरुद्ध दिशांना जातात, त्यावरून प्रत्येक कांडीचा उशीर स्वतंत्रपणे निघतो. प्रकाशाचा वक्र वेगळ्या उड्डाण-वेळेच्या प्रयोगातून काढा. आणि शेवटी स्रोताची जागा दुसऱ्या कुणालातरी ठरवू द्या. ज्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून 'या पेटीत काही नाही' असं कुणीतरी सही करून सांगणार आहे, त्याच्यासाठी ही किमान अट आहे.

पेपर वाचताना हे विचारा

तुम्ही या विषयावरचे पेपर चाळायला घ्याल तेव्हा सुंदर रंगीत ठिपक्याआधी पुढच्या गोष्टी शोधा.

१. दोन धडकांमधलं किमान अंतर किती धरलंय? ते वाढवलं की अचूकता वाढते, पण कडी किती उरतात ते सांगितलंय का?

२. उंबरठा किती? ०.१ एमईव्ही लिहिलं असेल तर तो इलेक्ट्रॉनच्या मापातला की प्रोटॉनच्या? दोन्हींत काही पटींचा फरक आहे.

३. मोजणी किती वेळ चालली, स्रोत किती जोरदार होता आणि किती अंतरावर होता? या तिन्हींशिवाय ठिपक्याला अर्थ नाही.

४. एमएलईएमच्या फेऱ्या किती, आणि त्या कुठे थांबवायच्या हे आधी ठरवलं होतं की चित्र बघून?

५. स्रोत वेगवेगळ्या बाजूंना ठेवून बघितलाय का? दोन स्रोत एकत्र ठेवून? की एकच, तोही बरोबर समोर?

आणि हा विषय फक्त प्लुटोनियमपुरता आहे असं समजू नका. प्रोटॉन उपचारात रुग्णाच्या शरीरात आणि यंत्राच्या भागांत वेगवान न्यूट्रॉन तयार होतात. ते नेमके कुठून निघतात हा तिथलाही प्रश्न आहे. आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलचं प्रोटॉन उपचार केंद्र आहेच. संलयनावर काम करणाऱ्यांचे न्यूट्रॉन तर १४.१ एमईव्हीचे असतात.

त्यावरूनच आजचा गृहपाठ. १४.१ एमईव्हीचा न्यूट्रॉन ५ सेंटीमीटर अंतर किती वेळात कापेल ते काढा. ०.३ नॅनोसेकंदाची चूक आता किती टक्के झाली? मग दोन धडकांमध्ये किती अंतर ठेवावं लागेल, आणि ठोकळा केवढा होईल? तो अजून हातात मावतो का? हे उत्तर तुम्हाला स्वतःला मिळालं तर या विषयातल्या मुलाखतीत विचारला जाणारा निम्मा भाग तुमचा तयार झाला असं समजा.